कृष्णाकाठचे धुके आणि शाळेच्या सायकली : प्रकल्प नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४

दहावीचे जादा तास सकाळी सातला सुरू होतात आणि मळ्यांतल्या वस्त्यांवरून येणारी मुले-मुली सव्वासहाच्या सुमारास सायकलीवर घर सोडतात. सध्या सूर्य पावणेसातला उगवतो. डिसेंबरअखेर तो सातच्याही पुढे जाईल. म्हणजे मुलांचा बराचसा रस्ता अंधारातच कापला जातो. सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या आमच्या पट्ट्यात, भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, पलूस या बाजूला, थंडी पडली की त्या अंधारात धुक्याची भर पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत उसाचा हंगाम ऐन भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या आणि दुधाचे टेम्पो हे सगळे त्याच अरुंद डांबरी रस्त्यावर असतात. नववीच्या विज्ञान मंडळाने यंदाचा प्रकल्प म्हणून हाच विषय घ्यावा असे मी सुचवले आणि मुलांनी तो लगेच उचलून धरला.

पहिल्याच बैठकीत आम्ही फळ्यावर एक हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला साधारण १७ मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर संपतात. दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर वाहन पूर्ण थांबायला आणखी २७-२८ मीटर लागतात, म्हणजे एकूण ५० मीटरपेक्षा थोडे जास्त. हेच वाहन ताशी ४० ने येत असेल, तर तीस मीटरच्या आत थांबते. हवामान खाते ज्याला अतिदाट धुके म्हणते, त्यात दृश्यमानता ५० मीटरहून कमी असते. तेव्हा अशा धुक्यात ६० ने गाडी चालवणाऱ्याला, दिसल्यानंतर थांबणे हिशेबातच शक्य नाही. चालकाचा वेग आमच्या हातात नाही. आपली सायकल त्याला किती अंतरावरून दिसते हे मात्र बऱ्याच अंशी आमच्या हातात आहे. दाट धुक्यातही किमान ६० मीटरवरून दिसणारी सायकल, असे उद्दिष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

२८ नोव्हेंबर २०२४

मधल्या सुट्टीत सायकल स्टँडवर जाऊन मुलांनी पाहणी केली. मागच्या मडगार्डवर तांबडा रिफ्लेक्टर बहुतेक सायकलींना आहे, पण कुठे त्याला तडा गेला आहे, कुठे तो वाकून आभाळाकडे पाहतो आहे, तर कुठे चिखलाचा थर इतका जाड बसला आहे की नखाने खरवडल्यावर खालचा रंग दिसला. काळ्या उंच सायकलींच्या मागच्या मडगार्डला खाली पांढरा पट्टा रंगवलेला असतो. ती जुनी आणि शहाणपणाची सोय आहे, परंतु त्यातल्या बहुतेक पट्ट्यांचा रंग आता मातकट झाला आहे. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर सर्वांत आधी तुटून पडतात. पुढच्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर असलेल्या सायकली फारच थोड्या निघाल्या. टायरला घासून चालणारा डायनामो दोन-चार जुन्या सायकलींवर आहे, पण त्याचा दिवा चाक थांबले की विझतो आणि फाट्यावर वाहनांना वाट देत उभे राहावे लागते तेव्हाच सायकल अंधारात जाते.

पाहणीतले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण एका विद्यार्थिनीने नोंदवले. दप्तर कॅरिअरला आडवे बांधले की त्याचे पट्टे मागे लोंबतात आणि रिफ्लेक्टर चांगला असला तरी पूर्ण झाकला जातो. सायकल रिकामी उभी असताना ती तपासून उपयोग नाही. दप्तर, डबा आणि स्वार यांच्यासह ती मागून कशी दिसते हे पाहायला हवे.

३ डिसेंबर २०२४

आभाळ ढगाळ आहे, त्यामुळे धुके नाही. रात्री आभाळ निरभ्र असले, वारा पडलेला असला आणि जमिनीत पाटाच्या पाण्याची ओल असली, तरच जमीन उष्णता बाहेर टाकून झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ थेंबांच्या रूपाने साकळते. ढगांचे पांघरूण असले की ही उष्णता अडते. नदीचे पाणी आणि दोन्ही काठांचा भिजवलेला ऊस यांमुळे आमच्याकडे ओलीची कमतरता कधीच नसते. अडते ते फक्त आभाळ मोकळे होण्यावर. मुलांनी रोज संध्याकाळी आभाळ आणि वारा पाहून दुसऱ्या दिवशीच्या धुक्याचा अंदाज फळ्यावर लिहायचे ठरवले आहे. अंदाज धुक्याचा असेल, तर सकाळी दहा मिनिटे लवकर निघायचे, म्हणजे घाई राहत नाही.

५ डिसेंबर २०२४

पलूसच्या बाजारातून चार प्रकारच्या रेडियम पट्ट्या आणल्या. दुकानात सगळ्याच चमकतात. पण नुसती चमक आणि आलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर काळे कागद लावून आम्ही पट्ट्या भिंतीला चिकटवल्या. बॅटरी कानशिलाला टेकवून प्रकाश टाकला की खरी परावर्तक पट्टी एकदम पेटल्यासारखी उजळते, आणि तीच बॅटरी हात लांब करून बाजूला नेली की पट्टी मंदावते, कारण तिच्यातले बारीक मणी किंवा प्रिझम प्रकाश दिव्याकडेच परत धाडतात आणि डोळा दिव्याजवळ असेल तरच तो डोळ्याला मिळतो. चारपैकी एक पट्टी कानशिलाजवळच्या बॅटरीलाही साध्या रंगीत कागदासारखीच दिसली. ती बाद केली. घरी ही परीक्षा करायची असेल, तर अंधारात मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून पट्टीचा फोटो काढावा. खरी पट्टी फोटोत पांढरीफेक उमटते.

याच गुणधर्मामुळे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. ट्रकचा चालक आपल्या हेडलाइटच्या बराच वर बसतो. मोटारीच्या चालकापेक्षा त्याच्या डोळ्याचे दिव्यापासूनचे अंतर जास्त असल्यामुळे जवळ येता येता त्याला परत मिळणारा प्रकाश कमी होत जातो.

नंतर पट्ट्यांवर फवारणीच्या छोट्या पंपाने पाण्याचे बारीक थेंब उडवले. ज्या कापडी पट्टीचे मणी उघडे होते ती ओली होताच निस्तेज झाली. वरून गुळगुळीत आवरण असलेली प्रिझमची पट्टी पुष्कळच टिकली. धुक्यात सायकलीवर दव धरतेच, म्हणून सायकलीच्या सांगाड्यासाठी दुसरी पट्टी घ्यायची असे ठरले.

१४ डिसेंबर २०२४

आज पहाटे या हंगामातले पहिले दाट धुके मिळाले. चाचणी रस्त्यावर घ्यायची नाही हे आधीच ठरले होते. शाळेच्या मैदानावर आदल्या दिवशी दोरी धरून दर दहा मीटरवर चुन्याची खूण केली होती. एका पालकांनी आपली मोटारसायकल आणली आणि तिचा हेडलाइट मैदानाच्या एका टोकाला ठेवला. दुसऱ्या बाजूने एक विद्यार्थी सायकल हातात धरून, तिची मागची बाजू दिव्याकडे ठेवून, एकेक खूण मागे सरकत गेला. सायकलीला नवी परावर्तक पट्टी आणि नवा रिफ्लेक्टर होता. तांबडा एलईडी दिवाही लावला होता, पण तो आधी बंद ठेवला.

जवळच्या खुणांवर पट्टी लखलखीत दिसत होती. मग दोन-तीन खुणांच्या अंतरातच ती इतक्या वेगाने मावळली की मुलांना आश्चर्य वाटले. त्याच जागी उभे राहून सायकलवाल्याने एलईडी दिवा सुरू केला, तेव्हा धुक्यात तांबडा ठिपका स्पष्ट उमटला आणि पुढेही बऱ्याच खुणांपर्यंत दिसत राहिला. स्वच्छ रात्री याच मैदानावर पट्टी दिव्याच्या बरोबरीने दिसली होती. धुक्याने मात्र दोघांत मोठे अंतर पाडले.

तासाला कारण फळ्यावर मांडले. दृश्यमानता मोजण्याची जागतिक व्याख्या अशी आहे की, प्रकाशाच्या सरळ झोतापैकी फक्त ५ टक्के प्रकाश ज्या अंतरानंतर शिल्लक राहतो, ते अंतर. समजा हे अंतर १०० मीटर आहे आणि सायकल चालकापासून ५० मीटरवर आहे. सायकलीवर स्वतःचा दिवा असेल, तर त्याच्या प्रकाशाला धुक्यातून एकदाच ५० मीटर यायचे असते आणि त्यातला साधारण २२ टक्के चालकापर्यंत पोहोचतो. रिफ्लेक्टरच्या बाबतीत मात्र प्रकाश हेडलाइटपासून निघून सायकलीपर्यंत जातो आणि पुन्हा तेवढेच अंतर परत येतो, म्हणजे त्याला १०० मीटर धुके भेदावे लागते आणि उरतो तो ५ टक्केच. सायकल आणखी लांब असेल, तर हा फरक आणखी वाढतो. शिवाय हेडलाइटचा प्रकाश वाटेतल्या थेंबांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांत परत येतो आणि त्याच्यापुढे पांढरा पडदा धरतो. अप्पर दिला की हा पडदा अधिकच दाट होतो. त्या पडद्यातून पट्टीची क्षीण चमक ओळखणे अवघड असते.

माझ्या मते संपूर्ण प्रकल्पाचा गाभा या एका चाचणीत आहे. रेडियम लावले म्हणजे झाले, ही समजूत स्वच्छ रात्रीपुरती बरीच खरी आहे, परंतु धुक्यासाठी अपुरी आहे. धुक्यात सायकलीवर स्वतःचा जळता दिवा हवा, आणि रिफ्लेक्टर त्याच्या जोडीला हवा, म्हणजे दिव्याचे सेल अचानक संपले तरी काहीतरी उरते.

त्या पालकांनी पुढच्या दिव्यावर पिवळा कागद लावावा असे सुचवले. ही समजूत गाडीवाल्यांत पूर्वापार आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूपच मोठे असल्यामुळे ते पिवळा, पांढरा, निळा असे सगळेच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात विखुरतात. पिवळा रंग अधिक भेदून जात नाही. कागदामुळे आहे तो प्रकाशही कमी होईल, हे त्यांना समजावून सांगितले आणि त्यांना ते पटले.

१७ डिसेंबर २०२४

दिव्यांची जागा आणि प्रकार यावर आजचा सगळा वेळ गेला. मागचा तांबडा दिवा सीटखालच्या दांड्याला लावला की दप्तरामागे लपतो, आणि कॅरिअरच्या अगदी मागच्या कडेला खाली लावला तर दप्तराच्या बाहेर राहतो, म्हणून तीच जागा नक्की केली. कॅरिअरची सळई बारीक असल्यामुळे दिव्याचा पट्टा घट्ट बसत नव्हता. जुन्या ट्यूबचा तुकडा सळईवर गुंडाळून त्यावर पट्टा आवळला तेव्हा तो हलेनासा झाला. दिव्याचे तोंड आडव्या पातळीत, सरळ मागे असले पाहिजे. थोडे जरी खाली झुकले तरी प्रकाश रस्त्यावर पडून वाया जातो, आणि बाजारातून आणलेले दिवे घाईत लावले की ते बहुधा असेच खाली झुकतात.

लुकलुकता की स्थिर, यावर मुलांत बराच वाद झाला. लुकलुकणारा दिवा नजर चटकन वेधतो, यात शंका नाही. परंतु धुक्यात चालकाला दुसरा कोणताही संदर्भ नसतो. रस्त्याची कडा, झाडे, खांब काहीच दिसत नाही, आणि मधूनमधून विझणाऱ्या ठिपक्यावरून तो किती लांब आहे व कोणत्या वेगाने जवळ येतो आहे हे ठरवणे कठीण जाते. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलीला लुकलुकणारा दिवा चालत नाही. आम्ही स्थिर दिवा ठरवला. ज्यांच्याकडे दोन दिवे असतील त्यांनी एक स्थिर ठेवून दुसरा लुकलुकता ठेवायला हरकत नाही.

पुढचा पांढरा दिवा मुलांना रस्ता दिसावा म्हणून लागतो असे पालक समजतात. त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. उसाच्या फडातून पाणंदीने डांबरी रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरचा हेडलाइट सायकलीवर पडतच नाही. तो समोरच्या शेतावर पडलेला असतो. अशा चालकाला रिफ्लेक्टरचा काडीचाही उपयोग नाही. त्याला सायकल दिसेल ती फक्त तिच्या स्वतःच्या पुढच्या दिव्यामुळे.

स्टँडवरून दिवे चोरीला जातात, म्हणून शाळेत आल्यावर दिवा काढून दप्तरात ठेवायचा आणि निघताना पुन्हा लावायचा, अशी सवय लावत आहोत.

२१ डिसेंबर २०२४

आज शनिवारची सकाळची शाळा होती आणि उजाडल्यानंतरही धुके रेंगाळले, त्यामुळे कपड्यांची चाचणी आपोआप घडली. पांढरा शर्ट रात्री उठून दिसतो म्हणून तो सर्वत्र सुरक्षित, अशी आमची सगळ्यांची धारणा असते. उजेडातल्या धुक्याची पार्श्वभूमी मात्र स्वतःच पांढरी असते. पांढरा गणवेश आणि डोक्याला गुंडाळलेला पांढरा स्कार्फ अशा वेशातल्या मुली मैदानाच्या पलीकडच्या टोकाला अक्षरशः विरघळून गेल्या, तर गडद निळा स्वेटर घातलेला मुलगा त्यांच्याही पलीकडे असून ओळखू येत होता. सर्वांत लांबून दिसले ते पोपटी रंगाचे फ्लोरोसंट जाकीट. हे रंग उन्हातल्या अदृश्य अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतात, म्हणून ढगाळ उजेडातही ते आजूबाजूपेक्षा झळाळतात. पहाटेच्या अंधारात मात्र ती करामत चालत नाही, तिथे जाकिटावरच्या परावर्तक पट्ट्यांचेच काम. म्हणून दोन्ही असलेले जाकीट घ्यावे.

स्कार्फ आणि कानटोपीचा आणखी एक प्रश्न आहे. धुक्यात डोळ्यांपेक्षा कान आधी सावध करतात. कानांवर दुहेरी घडी असली तर मागून आलेला टेम्पो जवळ येईपर्यंत कळत नाही. कानावरची घडी एकपदरी ठेवा असे मुलींना सांगितले आहे. शाल पांघरून बसणाऱ्यांची शाल मागे कॅरिअरवर उतरून तांबडा दिवा झाकते. तिचे पदर पुढे खोचून घ्यायचे.

पायडलचे तुटलेले पिवळे रिफ्लेक्टर आज बदलायला घेतले. स्थिर ठिपका खांबाचा आहे की सायकलीचा हे चालकाला सांगता येत नाही, पण वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की माणूस पायडल मारतो आहे हे क्षणात उमगते. घोट्याला परावर्तक पट्टी बांधली तरी हेच साधते आणि पँटचा पायही साखळीत अडकत नाही.

२८ डिसेंबर २०२४

आपण दिसणे हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग असा की, दिवे नसलेल्या ट्रॉलीवर किंवा टायरगाडीवर आपणच जाऊन आदळू नये. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात, म्हणजे त्याच्या गावाकडच्या कार्यालयात, शेती अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी मन लावून ऐकले आणि ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरची तपासणी चीटबॉयकडून, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडून, करून घेण्याचे मान्य केले. तिथेच उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरच्या चालकाने जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. “सर, फळीवर पट्टी लावून उपयोग न्हाई. ऊस मागं लोंबतो, वाढं खाली येतंय, त्यात पट्टी झाकून जातीय. लावायची तर बाजूच्या उभ्या अँगलला लावा, न्हायतर मागच्या मोळीलाच काहीतरी अडकवा.”

आम्ही जाऊन पाहिले. भरलेल्या ट्रॉलीमागे उसाची टोके चांगली हातभर बाहेर आलेली होती आणि मागच्या फळीवरचा रिफ्लेक्टर त्यांच्याआड दिसेनासा झाला होता. तांबडे फडके बांधलेले होते, पण अंधारात फडके काळेच दिसते. मग मुलांनी जाड पत्र्याच्या चकत्यांवर तांबडी प्रिझमची पट्टी चिकटवून, तारेचा आकडा लावून, मागच्या मोळीला अडकवता येईल असा लोंबता रिफ्लेक्टर बनवला. ट्रॉली रिकामी झाली की तो काढून पुढच्या खेपेला पुन्हा अडकवायचा. टायरगाड्यांसाठी तो अधिकच गरजेचा आहे, कारण त्यांना दिवेच नसतात आणि गाडीवान पहाटे तीन-चारलाच फडावरून निघालेले असतात.

ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी चालू असतात, तेव्हा सायकलीची घंटी चालकाला ऐकू जाईल ही आशा मुलांनी धरू नये.

४ जानेवारी २०२५

प्रत्यक्ष सायकल चालवण्याविषयी आज सर्व सायकलस्वारांना एकत्र बसवले. एकामागे एक चालायचे, दोघींनी गप्पा मारत शेजारी शेजारी चालायचे नाही, आणि पुढच्या सायकलीचा तांबडा दिवा दिसत राहील पण तिने ब्रेक मारला तर आपण धडकणार नाही एवढे अंतर ठेवायचे. सर्वांत मागे ज्याचा दिवा सर्वांत चांगला आहे त्याला ठेवायचे. मागून मोठे वाहन येत असल्याची चाहूल लागली आणि रस्ता अरुंद असेल, तर साईडपट्टीवर उतरून थांबायचे. यात कमीपणा काहीच नाही. साखळी पडली तर रस्त्याच्या कडेला वाकून बसायचे नाही, सायकल उचलून पार झाडांच्या रांगेपलीकडे न्यायची आणि मगच साखळी चढवायची. उभ्या ट्रॅक्टरला ओलांडताना पुढून काही येत आहे का हे दिसत नसेल, तर उतरून चालत जायचे. चालत्या ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेणे किंवा तिच्यातला ऊस उपसणे तर पूर्णपणे बंद.

ब्रेकची चाचणी घेतली तेव्हा मुले गंभीर झाली. स्टीलच्या चकचकीत रिमवर दव धरले की रबरी ब्रेक पहिल्या काही फेऱ्यांत जवळजवळ घसरतच राहतात आणि रिमवरचे पाणी पुसले गेल्यावरच पकड येते. म्हणून धुक्यात मधूनमधून ब्रेक हलका टेकवून रिम पुसत राहायचे, फाट्याच्या बरेच आधीपासून. चष्मा असलेल्यांनी सुती रुमाल वरच्या खिशात ठेवायचा आणि काचा पुसायच्या असतील तर थांबूनच पुसायच्या.

धुके इतके दाट असेल की पुढचा विजेचा खांबही दिसत नाही, तर घरातून निघायचेच नाही. मुख्याध्यापकांनी आज लेखी सूचना काढली की, अशा दिवशी उशिरा येणाऱ्याची गैरहजेरी लागणार नाही आणि जादा तास सव्वाआठला सुरू होईल. मुलांच्या सुरक्षिततेसाठी या प्रकल्पात जे काही झाले, त्यांत ही सूचना मला सर्वांत परिणामकारक वाटते, कारण ऊन चढले की धुके आपोआप विरते, आणि उशीर झाला तर शिक्षा होईल या भीतीने वेगात निघालेल्या मुलाला कोणताही दिवा वाचवू शकत नाही.

११ जानेवारी २०२५

आठवड्यातून एकदा, शनिवारी, सायकली पुसून घ्यायचे ठरले. चिखल आणि चिपाडाची धूळ दोन दिवसांत रिफ्लेक्टरवर बसते. सेलवर चालणाऱ्या दिव्यांचा प्रकाश हळूहळू मंदावतो आणि रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून एक नवा दिवा शेजारी धरून तुलना करतो.

१ फेब्रुवारी २०२५

धुके आता विरळ आणि क्वचित आहे. दिव्यांतले सेल काढून वेगळे ठेवले, कारण आत राहिले तर गळून दिवा खराब होतो. सायकलींवरच्या पट्ट्यांपैकी मडगार्डच्या वळणावर चिकटवलेल्या काही सुटल्या आहेत; वळणावर एक लांब पट्टी लावण्याऐवजी लहान तुकडे लावलेले टिकले, आणि चिकटवण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसलेला होता तिथे एकही सुटली नाही. पालकसभेत नव्या सायकलींविषयीही बोललो. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढलेला आहे, तेव्हा सायकल घेताना पुढे, मागे, पायडलवर आणि चाकांत रिफ्लेक्टर आहेत का हे दुकानातच पाहून घ्यावे.

मोळीला अडकवायचे लोंबते रिफ्लेक्टर चालकांनी ठेवून घेतले आहेत. टायरगाड्यांचे मात्र काम अर्धवट राहिले, कारण ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या एका फडावरून दुसऱ्या फडाकडे हलतात आणि ज्या गाडीला चकती दिली तीच गाडी पुन्हा भेटत नाही. पुढच्या हंगामात टोळ्या गावात उतरतात त्याच वेळी, गट ऑफिसात त्यांची नोंद होत असतानाच, प्रत्येक गाडीमागे दोन चकत्या द्यायच्या. त्यासाठी लागणारा पत्रा आणि तार दिवाळीच्या सुट्टीआधी तयार ठेवण्याची जबाबदारी यंदाच्या आठवीने घेतली आहे.